तुझ्यासमोरची चकती

सांगली,
12 नोव्हेंबर

चि. ऋचा,


शुक्रवारच्या पोकरचा तुझा फोटो मिळाला. हिरवं टेबल, पुढ्यात चिप्सची केविलवाणी चळत आणि तिच्या शेजारी एक पांढरी चकती. खाली तुझा प्रश्न: ‘पत्ते वाटणारा दुसराच होता, मग डीलर लिहिलेली ही चकती माझ्यासमोर का?’ फोनवर सांगितलं असतं, पण तू ऑफिसच्या गडबडीत ‘हं, हं’ करून सोडून दिलं असतंस. म्हणून पत्र.

मी पोकर शिकले ते तुझ्या काकांमुळे. सहा-सहा महिने जहाजावर असायचे, सुट्टीवर आले की मला समोर बसवून काडेपेटीतल्या काड्या चिप्स म्हणून वाटायचे. पहिल्याच डावात ते ‘चेक’ म्हणाले आणि मी विचारलं, ‘कुणाच्या नावाचा?’ तेव्हा मी बँकेत क्लिअरिंगला होते, दुसरं काय सुचणार! चेक म्हणजे ‘माझ्याकडून सध्या काही नाही, पुढे चला’. डाव सोडायचा नाही, पैसेही लावायचे नाहीत. मात्र तुझ्या आधी कुणी पैसे लावले असतील तर चेक म्हणता येत नाही. मग तेवढेच टाकायचे (कॉल), वाढवायचे (रेझ) किंवा पानं मिटून गप्प बसायचं (फोल्ड). आपल्या तीन पत्तीत ज्याला ‘पॅक’ म्हणतात तोच हा फोल्ड.

आता चकती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्सच्या आसपास हा खेळ आकाराला आला आणि मिसिसिपीच्या वाफेच्या बोटींवरून वर वर सरकत गेला. तेव्हा पानंसुद्धा वीसच असत, चौघांना पाच-पाच वाटली की कॅट संपला. पगारी वाटणारा नव्हता, ज्याची पाळी त्याने वाटायचं. पण दारू, पैसा आणि बोटीवरची अनोळखी माणसं असताना पाळी कुणाची हे लक्षात कोण ठेवणार? म्हणून ज्याची पाळी त्याच्यापुढे एखादी वस्तू ठेवायची. बरेचदा ती हरणाच्या शिंगाची मूठ असलेली सुरी असे. नर हरणाला इंग्रजीत बक म्हणतात, त्यावरून त्या खुणेलाच ‘बक’ नाव पडलं असं मानतात. वाटायची पाळी नको असेल तर बक शेजाऱ्याकडे सरकवायचा.

‘पासिंग द बक’ ऐकलं असशीलच. तुझ्या ऑफिसात आठवड्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालत असेल, त्याला हेच म्हणतात. ट्रुमन राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्या टेबलावर एक पाटी होती: बक इथेच थांबतो. गृहस्थ स्वतः पोकरचे शौकीन. मार्क ट्वेनच्या 1872 सालच्या ‘रफिंग इट’मध्ये तर एक रांगडा गडी मित्राच्या अंत्यविधीसाठी पाद्र्याला बोलवायला जातो आणि सगळं पत्त्यांच्या भाषेत बोलतो. पाद्र्याला त्यातलं अक्षर कळत नाही. परवाच्या शुक्रवारी तुझा तो पाद्री झाला होता!

पुढे क्लबात आणि कॅसिनोत पगारी वाटणारा आला. सुरी गेली, चकती राहिली, तिला आता ‘बटण’ म्हणतात. वाटतो दुसराच, पण हिशेबाने वाटप तुझं असं धरायचं. दर डावाला बटण डावीकडे एकेक घर सरकतं. बटणाच्या डावीकडचा पहिला ‘स्मॉल ब्लाइंड’ टाकतो, दुसरा ‘बिग ब्लाइंड’. पानं हाती येण्याआधीच पैसे टाकायचे, म्हणून आंधळे. इथे तू घोटाळा केला असणार, कारण तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणारा, आणि ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. पोकरात हे दोघांवर सक्तीचं, आणि पैसे टाकून झाले की पानं खुशाल बघता येतात. सगळ्यांनीच डावाआधी थोडे थोडे टाकायचे असतील तर ती ‘अँटी’, म्हणजे आपला ‘बूट’.

तुम्ही खेळता त्या होल्डेममध्ये हातात दोन पानं, टेबलावर पाच. आधी एकदम तीन उघडतात तो फ्लॉप, मग चौथं टर्न, पाचवं रिव्हर. प्रत्येक वेळी वरचं एक पान पालथंच बाजूला टाकतात. ते ‘जाळलेलं’ पान, खुणा केलेल्या पत्त्यांवरचा जुना उपाय. शेवटच्या पानावर लबाडी करणाऱ्याला बोटीवरून नदीत फेकत म्हणून ‘रिव्हर’, अशी एक गोष्ट काका रंगवून सांगायचे. माझा विश्वास नाही. होल्डेम काही मिसिसिपीवरचा नाही, तुझ्याच टेक्सासातला आहे. तिथल्या विधिमंडळाने 2007 मध्ये ठराव करून रॉब्सटाऊन गावाला त्याचं जन्मस्थान म्हटलं. एकदा गाडी काढून बघून ये. बोटीवरचाच जुगार बघायचा तर पणजीला ये, मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत.

फ्लॉपनंतर बोलायची सुरुवात बटणाच्या डावीकडून होते. म्हणजे बटणवाला सगळ्यात शेवटी. कोण चेक म्हणालं, कुणी वाढवलं, कुणाचा हात थरथरला, हे सगळं बघून मग तोंड उघडायचं. टेबलावरची सगळ्यात चांगली जागा ती, आणि तू तिथे बसून सगळ्यात आधी, सगळ्याच चिप्स लावून, ‘ऑल इन’ म्हणून ओरडलीस! त्यावर सगळे हसले यात नवल नाही.

तुझा डाव मी फोटोवरून पुन्हा मांडून बघितला. टेबलावर एक्का, गुलाम, नव्वी, चौकी, दुर्री. तुझ्याकडे एक्का-सत्ती, तुझ्याविरुद्ध खेळणाऱ्या दाढीवाल्याकडे एक्का-राजा. जोडी दोघांचीही एक्क्यांची, मग तो कसा जिंकला? पाच पानं मोजायची असतात. त्याची एक्का, एक्का, राजा, गुलाम, नव्वी. तुझी एक्का, एक्का, गुलाम, नव्वी, सत्ती. जोडी सारखी असली की बाजूचं पान निकाल लावतं, त्याला ‘किकर’ म्हणतात. तुझी सत्ती बिचारी राजापुढे काय टिकणार? एक्का दिसला की भान हरपतं, हे आपल्या घराण्यातच आहे. तुझी आई रमीत तेच करते.

तिच्यावरून आठवलं. यंदाही दिवाळीत रमीला वाटायची पाळी कुणाची यावरून तिचं आणि माझं वाजलं, आणि फराळाचं ताट येईपर्यंत आम्ही बोललो नाही. डिसेंबरात येताना तसली एक चकती बॅगेत टाकून आण. चॉकलेटं कमी आणलीस तरी चालेल.

तुझी,
मावशी