सुटे भाग

तयार वस्तू विकत घेणे आणि तिचे सुटे भाग विकत घेणे, या दोन अगदी निराळ्या विद्या आहेत. तयार वस्तू घेताना माणूस आपल्या खिशाकडे पाहतो आणि चोरून शेजाऱ्याच्या दिवाणखान्याकडे पाहतो. सुटे भाग घेताना मात्र त्याला वस्तूच्या पोटात शिरावे लागते. कोण काय काम करतो, कोणाचे कोणावाचून अडते, कोण उगाच भाव खातो, हे सारे समजून घ्यावे लागते. मी कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे असल्या चौकशा मला मनापासून आवडतात. पण ही विद्या मला शिकवली ती आमच्या मुलीने, आणि तीही संगणकाच्या निमित्ताने.

आमच्या घरातला संगणक २०१९ साली दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, सुटे भाग आणून जुळवलेला. पुढे तो नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि संगणक बहिणीच्या वाट्याला आला. रात्री दहाच्या सुमाराला हा तिकडून आणि ही इकडून, एकच खेळ खेळायला बसत. एका ओसाड बेटावर दोघांनी मिळून घर बांधायचे आणि ते राखायचे, असा तो खेळ. कानावर पडणारे संवाद मात्र बेटाबद्दलचे नसत. "खानावळवाल्याने आज पुन्हा दुधी केला," "बाबांचा खोकला कसा आहे?" असले असत. पूर्वी भावंडे ओट्यावर बसून शेंगा खात बोलत. ही दोघे लाकडे तोडीत बोलत, एवढाच काय तो फरक.

पण खेळ वर्षावर्षाला अवजड होत गेले आणि आमचा संगणक धापा टाकू लागला. चित्र मधेच गोठे. "दादा, थांब, माझं अडकलंय," हे वाक्य रात्रीतून दहादा ऐकू येई. मग एक दिवस पलीकडून उत्तर आले, "असू दे गं, झोप आता. उद्या बघू." असे उद्या वाढत चालले. दहाची बैठक आठवड्यातून दोनदा, मग एकदा होऊ लागली.

२०२४ च्या दिवाळीआधी मुलीने जाहीर केले की, ती संगणकात सुधारणा करणार. तिच्याजवळ चाळीस हजार रुपये होते. त्यांतले पंचवीस हजार शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले, आणि पंधरा हजार दादाने तीन भाऊबिजांना घातलेले, न मोडता ठेवलेले. हिची आई म्हणाली, "अहो, सांगा तिला. एवढ्यात कानातलं होईल छानसं. खेळात कोणी पैसे घालतं का?" मी पडलो मध्यस्थ. मी म्हटले, "आधी ती काय घेते ते तर पाहू."

तिने आठ दिवस काहीच घेतले नाही. ती नुसती मोजीत बसली. खेळ चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दिसतील, अशी सोय तिने केली आणि वहीत टाचणे काढली. तिने मला समजावले ते असे. प्रोसेसर हा कारभारी. बेटावर कोण कुठे आहे, झाड पडले की नाही, हे तो ठरवतो. ग्राफिक्स कार्ड हा चितारी. कारभाऱ्याने सांगितलेले तो रंगवतो. आमचा पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा, म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. सेकंदाला ६० चित्रे हवीत. म्हणजे बिचाऱ्या चिताऱ्याने सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपके रंगवायचे, आणि एका चित्राला त्याला सेकंदाचा साठावा भाग मिळणार!

वहीत आकडे असे होते : कार्ड सतत ९८-९९ टक्के गुंतलेले, प्रोसेसर निम्माच, आणि ८ जीबी रॅम काठोकाठ भरलेली. निम्मा हा आकडाही तिने सहजासहजी मान्य केला नव्हता. आमच्या प्रोसेसरला सहा कोअर आहेत. एक राबतो आणि पाच बसतात, असे असले तरी सरासरी कमीच दिसते. म्हणून तिने सहांची टाचणे वेगवेगळी काढली होती. दमलेले दोघेच निघाले, चितारी आणि रॅम. रॅम भरली की संगणक उरलेले सामान डिस्कवर ठेवतो, आणि तिथून आणायला वेळ लागतो. चित्र गोठते ते बहुधा त्या येरझाऱ्यांत.

डोंबिवलीहून दादर आणि तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, असे आम्ही दोघे गेलो. तिथल्या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण संगणकाच्या गिऱ्हाइकांना तो लॅमिंग्टन रोड म्हणूनच ठाऊक आहे. पहिल्या दुकानदाराने आमच्याकडे पाहिले आणि मलाच म्हटले, "काका, जुन्यात कशाला जीव घालता? सगळं नवीन करून टाका." त्याने कोटेशन लिहायला सुरुवातही केली. त्यात गंमत अशी की, पहिली ओळ एकटी येत नव्हती. २०२२ साली निघालेल्या नव्या घराण्यातला प्रोसेसर घ्यायचा, तर तो आमच्या मदरबोर्डवर बसत नाही. म्हणून मदरबोर्ड नवा. त्या मदरबोर्डवर डीडीआर ५ रॅमच चालते. आमची डीडीआर ४, तिची खाचच निराळ्या जागी. म्हणून रॅमही सगळी नवी. एका पाहुण्यासाठी घर पाडून बांधायचे, तसा हा प्रकार. शिवाय काचेचे कॅबिनेट आणि आत सात रंगांचे दिवे. मुलगी शांतपणे म्हणाली, "दादा, आमचा प्रोसेसर दमलेला नाही. दमलेल्याची बदली करायची आहे."

दुसऱ्या दुकानात तिने कार्ड निवडले. आरटीएक्स ४०६०, ८ जीबीचे. त्याच्या वरची, दुप्पट किमतीची कार्डे शेजारीच मांडलेली होती. मी विचारले, "थोडे पैसे घालून मोठं का नाही घेत?" ती म्हणाली, "बाबा, मोठी कार्डं मोठ्या पडद्यासाठी. फोर-केच्या पडद्यावर ठिपके आपल्या चौपट. आपल्या पडद्यावर ते कार्ड नुसतं बसून राहील." एकोणतीस हजार तिथे गेले. रॅमची आणखी एक ८ जीबीची पट्टी घेतली, तीही जुनीच्याच वेगाची. एक जोरात आणि एक हळू असली, तर दोघी हळूच्या चालीने चालतात. आणि दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला सामान आणायला एकाऐवजी दोन वाटा होतात. शाळेच्या कवायतीत रांग सर्वांत हळू पोराच्या पावलाने चालते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. त्यामुळे हे मला लगेच पटले.

मग तिने जे मागितले, त्याने दुकानदारही चमकला. एसएमपीएस. भिंतीतली वीज घेऊन साऱ्या भागांना वाटून देणारा हा डबा. तो दिसत नाही, चमकत नाही आणि त्याने खेळ एका चित्रानेही जलद होत नाही. आमचा जुना डबा स्वस्तातला, कॅबिनेटबरोबर आलेला. नव्या कार्डाला लागणारी तारच त्याला नव्हती. दुकानदार म्हणाला, "शंभर-दीडशेची जोडणी लावून देतो, चालून जाईल." ती म्हणाली, "चालेल हो. पण हा जळला तर एकटा जळत नाही, दुसऱ्यांनाही घेऊन जातो." तिने कागदावर बेरीज मांडली : कार्ड ११५ वॉट, प्रोसेसर ६५, इतरांचे थोडेथोडे, आणि ५५० वॉटचा, ८० प्लसचा शिक्का असलेला डबा घेतला. वीज वाटताना फार उष्णता वाया घालवत नाही, याची ती खूण. साडेचार हजार रुपये, न दिसणाऱ्या वस्तूसाठी! कानातल्यांच्या बाजूने बोलणारी तिची आई या एका खरेदीवर मात्र काही बोलली नाही. संसार कोणाच्या जोरावर चालतो आणि दिवे कोणावर लागतात, याची तिला माझ्यापेक्षा अधिक माहिती आहे.

वसुबारसेच्या रात्री जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मुलीने सारे जुळवले. दहाला पलीकडे दादा आला. बेटावर पाऊस पडत होता. पानापानावरून पाणी ओघळताना दिसत होते. एकदाही "अडकलंय" ऐकू आले नाही. अकरा वाजले, बारा वाजले. झोपायला सांगण्यासाठी उठलेली तिची आई खुर्चीमागे उभी राहिली, थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली, आणि एकदम मुलीच्या डोक्यावरचा हेडफोन उचलून, त्याचा माइक तोंडाशी धरून म्हणाली, "काय रे, जेवलास का?"

त्या बेटावरच्या पावसात उभ्या असलेल्या एका चित्रातल्या माणसाने कुऱ्हाड खाली ठेवली. तो आईला काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही, कारण आवाज एकाच्याच कानात जात होता. पण ती बराच वेळ तशीच उभी होती.

ही कार्डे फार वर्षांची सोबती नव्हेत. चार-पाच वर्षांत हेही दमेल, पुन्हा वही निघेल, पुन्हा कोण अडवतो आहे याचा शोध होईल. ते ठीकच आहे. मुलीजवळ त्या वेळी चार-पाच हजार उरले होते. दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीला, ती स्थानकाजवळच्या दुकानातून मेजावर ठेवायचा एक साधा माइक आणि दोन छोटे स्पीकर घेऊन आली, सगळ्यांना एकदम बोलता यावे आणि ऐकू यावे म्हणून. साऱ्या यादीत तेवढीच एक वस्तू अशी होती की, ती घेताना तिने वहीतला एकही आकडा पाहिला नाही.