निसर्गाची रोजकीर्द

निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने सत्कार, तीर्थयात्रा आणि राहून गेलेली घरकामे यांत निघून जातात. त्यानंतर मात्र सकाळ लांबू लागते. चाळीस वर्षे ठरल्या वेळी दुकान उघडणाऱ्या किंवा कार्यालयाच्या हजेरीपटावर सही करणाऱ्या माणसाजवळ वेळ असतो. त्या वेळेची गरज कोणाला आहे, हे मात्र त्याला उमगत नाही. ती गरज पुष्कळदा घरातल्या आणि गल्लीतल्या मुलांनाच असते.

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाटा प्रवाशांना ठाऊक आहे तो सेलू, जिंतूर आणि मंठ्याकडील रस्ते जुळण्याचे ठिकाण म्हणून. परंतु या भागात हमरस्ता सोडून शेताच्या बांधावर पाऊल ठेवले, की एक उघडी शाळाच भेटते. तारेवर बसून माशी टिपणारा वेडा राघू, नांगरामागून चालणारे गायबगळे, विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबणारे सुगरणीचे खोपे, पहिल्या पावसानंतर दिसणारा मखमली मृगाचा किडा. या शाळेला प्रवेशशुल्क नाही.

व्यापारी कुटुंबातील मुलाला कापसाचा भाव घरात रोज ऐकू येतो. पण कापसाचे फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळसर असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, हे त्याने पाहिलेले नसते. पाठशाळेत तो एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जीवांचे भेद तोंडपाठ म्हणतो. मुंगी त्रींद्रिय आणि भुंगा चतुरिंद्रिय, हेही अचूक सांगतो. मात्र मुंग्यांच्या रांगेजवळ तो दहा मिनिटे स्वस्थ बसलेला नसतो. ज्या जीवाची ओळखच नाही, त्याच्याविषयीची दया पाठांतरापुरतीच राहण्याचा धोका असतो.

ओळख करून देणारा एक माणूस काय घडवू शकतो, याचे उदाहरण मुंबईत घडले आहे. 1908च्या सुमारास सलीम अली नावाच्या मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणती, हे विचारण्यासाठी तो 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड हे व्यवसायाने एका व्यापारी पेढीतले. त्यांनी मुलाला परत पाठवले नाही. पक्ष्याचे नाव सांगितले, संग्रह दाखवला, वाचायला पुस्तके दिली. पुढे तोच मुलगा भारतातील पक्ष्यांचा थोर अभ्यासक आणि रक्षणकर्ता झाला. हत्येचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु त्या हातातील बंदुकीपेक्षा मनातील जिज्ञासा मोठी आहे, हे ओळखणारा प्रौढ माणूस त्या दिवशी तेथे होता, हे विसरता येत नाही.

‘आम्हाला पक्ष्यांची नावे कुठे येतात?’ ही निवृत्तांची नेहमीची सबब. नावे पुस्तकातून शिकता येतात. व्यापार आणि बँक यांनी त्यांना दिलेली विद्या याहून दुर्मीळ आहे: रोजची नोंद रोज करणे. मुलांच्या हाती एक वही द्यावी आणि तिला निसर्गाची रोजकीर्द म्हणावे. तारीख, वेळ, जागा, काय दिसले, किती दिसले. न दिसलेले लिहायचे नाही, ऐकीव गोष्ट ‘ऐकीव’ म्हणूनच लिहायची. सुगरणीचे खोपे यंदा किती, मृगाचा किडा कोणत्या दिवशी दिसला, हे पाच-दहा वर्षे लिहिले गेले, तर गावाजवळ काय वाढले आणि काय घटले याचा ताळेबंद आपोआप मांडला जाईल. जे खात्यात चढलेच नाही, त्याची तूट कोणाच्या ध्यानात येत नाही.

पथ्ये थोडीच आहेत. पालकांची व शाळेची संमती घ्यावी. एका वेळी दहा-बारा मुले आणि सोबत दोन मोठी माणसे असावीत. पायांत बूट, जवळ पाणी, उघड्या विहिरीपासून अंतर. घरटी, अंडी, पिल्ले यांना हात लावू नये. शेतात शिरण्यापूर्वी शेतकऱ्याला विचारावे; बहुधा तोच उत्तम शिक्षक ठरतो. आणि प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर ‘दोघे मिळून शोधू’ असे म्हणावे.

या कामाला मानधन नाही आणि व्याज तर उशिराच मिळते. पावसाळ्यात एखादा मुलगा पायाखालचा लाल किडा पाहून थबकतो आणि मागच्यांना हात करून थांबवतो. या ठेवीवरचे पहिले व्याज तेच.