टोला सुधारताना

वाईट सवय मोडणे कठीण, हे सर्वजण मान्य करतात. परंतु कामचलाऊ सवय मोडून तिच्या जागी निर्दोष सवय लावून घेणे त्याहून कठीण आहे, हे मान्य करणारे फार थोडे. कारण वाईट सवयीचे परिणाम डोळ्यांसमोर असतात. कामचलाऊ सवय मात्र आजवर पदरात काही ना काही टाकीत आलेली असते. अध्यापनात आयुष्य गेल्यामुळे हा अनुभव आम्हांस नवा नाही. पण सध्या आमच्या घरात त्याचा जो प्रयोग चालू आहे, त्याचे साहित्य मात्र अगदी नवे आहे. ते म्हणजे गोल्फची काठी आणि सुमारे 46 ग्रॅम वजनाचा एक चेंडू.

आमच्या धाकट्या बंधूंचा नातू सुटीत पुण्यास मामाकडे गेला, तो हा खेळ शिकून आला. येथे छत्रपती संभाजीनगरात, आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर त्याने जाड जाळे टांगले, खाली चटई अंथरली, आणि पापड-कुरडयांच्या वाळवणास दुसऱ्या कोपऱ्यात स्थलांतर करावे लागले. ज्या वाचकांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांस इतकेच सांगतो, की दूर अंतरावरील 108 मिलिमीटर व्यासाच्या खळग्यात कमीत कमी टोल्यांनी चेंडू घालावयाचा, आणि असे अठरा खळगे पुरे करावयाचे.

विटीदांडूवर वाढलेल्या आमच्या पिढीस वाटते, यात काय अवघड? टोकावर टिचकी देऊन उडविलेली विटी आपण हवेतल्या हवेत टोलवीत होतो. हा चेंडू तर बिचारा स्वस्थ पडून असतो. परंतु अवघडपणा नेमका त्या स्वस्थपणातच आहे. उडालेल्या विटीपुढे विचारास अवसर नसतो. पडलेल्या चेंडूपुढे मनुष्य उभा राहिला, की त्याचे मन पुढे धावू लागते: चेंडू कोठे जाईल, पाहणारे काय म्हणतील? आणि काठीचा व चेंडूचा स्पर्श तर सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरताच असतो. त्या क्षणी काही सुधारता येत नाही. जे करावयाचे ते आधीच झालेले असावे लागते.

आमच्या नातवाचा चेंडू उजवीकडे वळत जाई. याचे कारण असे, की टोल्याच्या वेळी काठीच्या डोक्याचा मार्ग एका दिशेस आणि तिचे मुख त्याहून उजवीकडे असले, म्हणजे चेंडूस तिरकी फिरकी मिळते. मुलाने यावर तोड काढली होती. तो मुळातच डावीकडे रोख धरून उभा राही; चेंडू वळून बेताने ठिकाणावर येई. पुण्याच्या शिक्षकांनी ही पळवाट बंद केली. डावी मूठ काठीवर किंचित उजवीकडे वळवून धरावी, मुठीची पकड आवळू नये, आणि खाली येणाऱ्या टोल्याचा आरंभ खांद्यांपासून न करता पावले व कंबर यांपासून करावा, असे त्यांनी सांगितले. आसूड ओढणाऱ्याचे मनगट शेवटी येते, तशी काठी सर्वांच्या शेवटी यावयाची. शिवाय लोखंडी काठीने चेंडू उचलण्याचा यत्न करू नये. उचलण्याचे काम काठीच्या तिरप्या मुखाकडे सोपवावे. आपण खालच्या रोखाने मारावे, आधी चेंडूस आणि मग जमिनीस.

परिणाम काय झाला? पूर्वी जे थोडे येत होते तेही गेले. कधी काठी चेंडूच्या माथ्यास पुसटशी लागे, कधी आधी चटईवरच आदळे. सहा आठवडे हाच प्रकार चालला आणि घरात मसलत सुरू झाली. दहावीचे वर्ष जवळ आले, असे त्याचे वडील म्हणाले. बंधूंनी खर्चाचा हिशेब मांडला. आमच्या वहिनींचा मुद्दा सर्वांहून सयुक्तिक होता: ज्या गावाने नळाच्या पाण्याची कित्येक दिवस वाट पाहिली आहे, तेथील मुलाने अफाट हिरवळीचा खेळ कशास शिकावा? त्यांस आम्ही इतकेच म्हणालो, की हा आक्षेप मैदानास लागू आहे, गच्चीवरील जाळ्यास नाही. परंतु मुलाने स्वतःच जाळे सोडावयास घेतले, तेव्हा मात्र आम्हांस मध्ये पडणे प्राप्त झाले.

आमचे म्हणणे असे होते. संस्कृत शिकविताना 'ष' आणि 'श' एकच उच्चारणारे विद्यार्थी पुष्कळ येत. त्यांची चूक दाखविली, की ते अडखळू लागत. काल जो श्लोक धडाधड म्हणत, तो आज म्हणता येईना. पालकांस वाटे, मास्तरांनी मुलगा बिघडविला. जुने सुटले आहे आणि नवे अजून बसलेले नाही, असा हा मधला काळ असतो. पुष्कळ विद्यार्थी बुद्धीच्या अभावी नव्हे, तर या मधल्या काळात घरच्यांनी धीर सोडल्यामुळे मागे राहतात. पतंजलींनी अभ्यासाबरोबरच वैराग्य सांगितले, त्यातील मर्म आम्हांस येथे दिसते: अभ्यास करताना फळावरील नजर काढून घ्यावी लागते.

म्हणून आम्ही घरात तीन नियम केले. पहिला, 'चेंडू कोठे गेला?' असे कोणी विचारावयाचे नाही. जाळे असल्यामुळे तो फार दूर जातच नाही, ही ईश्वराची कृपाच. दुसरा, रोज शंभर टोले नकोत, तीस पुरेत. तेही प्रथम अर्ध्या उचलीचे. काठी मागे नेण्यास खाली आणण्याच्या सुमारे तिप्पट वेळ द्यावा. निष्णात खेळाडूंचे साधारण हेच प्रमाण असते. तिसरा, टोला पुरा झाल्यावर तोल सांभाळून तसेच उभे राहावे. तोल गेला, तर दोष कोठेतरी आधी घडला असे समजावे.

खेळ व विद्या यांचे वैर मानणाऱ्यांनी प्रा. दि. ब. देवधरांचे स्मरण करावे. पुण्यात संस्कृत शिकविणाऱ्या या गृहस्थांनी बावन्न वर्षे पुरी झाल्यावर, 1944 साली, रणजी सामन्याच्या दोन्ही डावांत शतके काढली. आणि बळाचीच महती गाणाऱ्यांनी अदिती अशोक हिच्याकडे पाहावे. 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये तिचे लांब टोले इतरांहून आखूड पडत होते. तरी ती चौथी आली, आणि चार दिवसांच्या खेळानंतर पदक हुकले ते एका टोल्याने.

आज तीन महिने झाले. आमची खोली गच्चीच्या खालीच आहे. काठी आधी चटईवर पडली की 'भद्' असा आवाज येतो. चेंडूस नीट लागली की 'खट्'. तिसांत पूर्वी चार-पाच 'खट्' ऐकू येत, अलीकडे बारा-चौदा येतात. चेंडू मोकळ्या मैदानावर सरळ जाईल की नाही, हे पुढे पुण्यास गेल्यावर कळेल. तोपर्यंत वडीलधाऱ्यांनी जिन्याखालून प्रश्न न विचारणे, हीच त्यांनी करावयाची मदत होय. ज्या घरात कोणी हात, उच्चार वा अक्षर नव्याने वळवीत असेल, त्या घरासही आमचे इतकेच सांगणे आहे.