कंचनीच्या गावातला वाडा

नोकरीने मला मेहकरला नेले. पैनगंगेकाठच्या या गावात दुमजली सागवानी वाडा नाममात्र भाड्याने मिळाला, कारण माडीवर म्हणे रात्री बाई चालते! मी सडाफटिंग, बिऱ्हाड थाटले.

पहिले आठ दिवस झोप कसली! मध्यरात्री तुळया कडकडत, आढ्यातून कुणी सुस्कारे टाकी. नवव्या रात्री बॅटरी घेऊन वर गेलो. आढ्यात गव्हाणी घुबडाची पिले फुसफुसत होती. आणि दिवसभर चैत्राच्या उन्हात तापलेले लाकूड रात्री निवताना आवाज करीत होते. भूत संपले. पण मग ती बाई?

शेजारच्या आजी म्हणाल्या, “थोरली सून होती ते, लेकरा. सतराव्या वर्षी कुंकू पुसलं. मंग जन्मभर माडीवरच. खिडकीत उभी राहिलेली बी सासऱ्याले खपत नसे.”

मेहकरात कंचनीचा पडका महाल आहे. सुमारे २५ किलोमीटरांवरच्या लोणारच्या कमळजादेवीचा दिवा दिसावा म्हणून कंचनीने तो उंच चढवला. देवी कोपली नि ती शिळा झाली, असे गाव सांगते. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या एका संग्रहाचे नावच ‘कंचनीचा महाल’.

दूरचा दिवा पाहू म्हणणारी शिळा झाली, खिडकीशी उभी राहणारी भूत!

त्या दिवाळीला मी पहिली पणती माडीच्या खिडकीत लावली. आजी अंगणातून बराच वेळ वर पाहत होत्या. मग पदराने डोळे टिपून त्यांनी त्या सुनेचे नाव घेतले. गल्लीत ते मी प्रथमच ऐकले.