लाल रेघेमागची थिअरी

कोरोनाच्या किटवरची लाल रेघ आठवते ना? बऱ्याच किटमध्ये तो रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. हो, सोन्याच्याच! इतकं बारीक झालं की सोनं लाल दिसतं, कारण प्रकाश पडताच कणातले इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावतात आणि हिरवा प्रकाश गिळतात. गुस्ताव्ह मी यांनी याचं गणित १९०८ मध्ये मांडलं. १९५७ मध्ये रुफस रिची यांनी धातूच्या पातळ पापुद्र्यावर अशाच इलेक्ट्रॉन-लाटा असणार, हे कागदावर दाखवलं. दोनच वर्षांनी ॲल्युमिनियमवर त्या प्रयोगात सापडल्या.

आमच्याकडं फिजिक्सला पोरं नाहीत म्हणून वर्ग बंद करायचं चाललंय. "नुसत्या थिअरीचा उपयोग काय?" असं एक संचालक परवा मला म्हणाले.

साहेब, घरात कोण कुठं झोपणार, हे तेव्हा त्याच रेघेवर ठरत होतं.