परतीची वायर

दिवाळीचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर ठेवेपर्यंत माझा फोन वाजायला लागतो. ॲरिझोनात थंडी म्हणजे पाहुण्यांचा हंगाम. मिनेसोटा, मिशिगन, कॅनडा इथली निवृत्त जोडपी बर्फ पडायच्या आत आपापली मोटरहोम घेऊन दक्षिणेला उतरतात आणि एप्रिलपर्यंत वाळवंटात मुक्काम करतात. महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी पहिल्याच थंड रात्री काहीतरी कुरबुर काढते. त्या गाड्यांची वीज दुरुस्त करणं हे माझं काम. त्यातही वीस-तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या गाड्यांची, कारण त्यांना हात लावायला फारसं कुणी तयार नसतं आणि मला त्याच आवडतात.

क्वार्ट्झसाइट हे फीनिक्सच्या पश्चिमेला दोनेक तासांवरचं छोटं गाव. १८५६ च्या सुमारास अमेरिकी लष्कराने वाळवंटात ओझी वाहायला उंट आणवले. त्यांच्याबरोबर आलेल्या एका उंटवाल्याची कबर इथे आहे. वर दगडी पिरॅमिड, त्याच्या टोकावर धातूचा उंट. त्याचं नाव हाजी अली. इथल्या लोकांच्या तोंडी त्याचं हाय जॉली झालं. मुंबईहून कुणी आलं की मी आधी तिथे नेते. जानेवारीत या गावाभोवतीच्या सरकारी मोकळ्या जमिनीवर हजारो मोटरहोम उभी असतात. तिथे विजेचा खांब नाही, नळ नाही. गाडीत असेल तेवढ्यावर भागवायचं.

अशाच एका जानेवारीत तिथून एका आजींचा फोन आला. गाडी १९८६ सालची, २७ फुटी. आत ऊब देणारी गॅसची फर्नेस पेटत नव्हती. पंखा फिरायचा, पण आग धरायची नाही. आजोबांची छाती नाजूक, आणि रात्री पारा चार-पाच अंशांवर उतरत होता. गाडी शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये दोनदा नेऊन झाली होती. पहिल्यांदा त्यांनी फर्नेसचं सर्किट बोर्ड बदललं, दुसऱ्यांदा दोन्ही बॅटऱ्या. दोन्ही वेळा वर्कशॉपमध्ये फर्नेस छान पेटली आणि दोन्ही वेळा वाळवंटात पहिल्याच रात्री बसली. पैसे तर गेलेच, पण आजींच्या आवाजात त्याहून मोठी भीती होती. ही गाडी आता विकावी लागणार की काय?

मोटरहोममध्ये विजेची तीन बिऱ्हाडं एका छपराखाली नांदतात. पहिलं इंजिनाचं: त्याची बॅटरी, सेल्फ, आल्टरनेटर, हेडलाइट. दुसरं घराचं: १२ व्होल्टच्याच पण वेगळ्या बॅटऱ्या, त्यावर आतले दिवे, पाण्याचा पंप, फर्नेसचा पंखा, गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचं नियंत्रण. तिसरं १२० व्होल्ट एसीचं. ते कॅम्पग्राउंडच्या खांबावरून किंवा जनरेटरवरून येतं. एअर कंडिशनर आणि मायक्रोवेव्ह त्यावर चालतात. तिसऱ्या बिऱ्हाडातली वीज दुसऱ्यात आणतो तो कन्व्हर्टर, एसीचं साडेतेरा-चौदा व्होल्ट डीसी करणारा. पहिल्या आणि दुसऱ्या बिऱ्हाडामध्ये एक रिले किंवा डायोडचा आयसोलेटर असतो, म्हणजे चालत्या गाडीत घराच्या बॅटऱ्या भराव्यात आणि उभ्या गाडीत घराने इंजिनाची बॅटरी उपसू नये. तक्रार ऐकताना माझं निम्मं डोकं एवढंच शोधत असतं की ही कुठल्या बिऱ्हाडातली भानगड आहे.

आजींना मी फोनवर एकच प्रश्न विचारला. फर्नेस चालू होते तेव्हा गाडीत आणखी काय बदलतं? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘दिवे मंद होतात. पण ते कायमचंच आहे.’’

कायमचंच आहे, म्हणून ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. मी हत्यारं गाडीत टाकली.

फर्नेस पेटायचा एक क्रम असतो. थर्मोस्टॅटने हाक दिली की आधी पंखा सुरू होतो. पंख्याचा वारा एक हलकी पत्र्याची पट्टी उचलतो. तिला सेल स्विच म्हणतात, सेल म्हणजे शीड. ही पट्टी पूर्ण उचलली गेली तरच पुढचं सर्किट जोडलं जातं, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठिणगी पडते. वारा पुरेसा नसताना गॅस सोडला तर धोका, म्हणून ही योजना. पंख्याला व्होल्टेज कमी पडलं की तो फिरतो, आवाज करतो, पण पट्टी उचलण्याइतका वारा देत नाही. फर्नेस बिघडलेली नसते, ती शहाणपणाने थांबलेली असते.

फर्नेस बंद ठेवून मी तिच्या टर्मिनलवर मीटर लावला. १२.५ व्होल्ट. बॅटरीवरही १२.५. वर्कशॉपमध्येही असाच आकडा पाहिला गेला असेल. आकडा खरा होता आणि काहीच सांगत नव्हता.

इथे मला आबा आठवतात. कोल्हापुरात शिरोली नाक्याजवळ त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. शाळेतून आले की मी टेंपो आणि जीपच्या बॉनेटखाली त्यांच्या शेजारी उभी राहायची. दुकानात मीटर होता, पण तो कपाटात. हातात असायचा हेडलाइटचा जुना बल्ब, दोन वायरी डाख मारून जोडलेला. मी एकदा मीटरवर बारा व्होल्ट दाखवून म्हटलं, आबा, इथपर्यंत करंट येतोय. त्यांनी तीच वायर बल्बला लावली, बल्ब पेटलाच नाही. मग त्यांनी वायरचं कव्हर सोललं. आतल्या सगळ्या तारा काळ्या पडून तुटलेल्या, एकच केसाएवढी शाबूत. ‘‘मीटरला कितीसं लागतंय? त्याला ही एक तार बास झाली. बल्बला पाच अँपिअर पायजेत. काम लावल्याबिगर वायर कळत न्हाई, पोरी.’’ पुढे आयटीआयमध्ये आणि नंतर इथल्या वर्गांमध्ये मी व्होल्टेज ड्रॉपची चाचणी शिकले, तेव्हा लक्षात आलं की आबांनी ती मला बल्बवर शिकवून ठेवली होती.

मग मी फर्नेस लावली. पंखा आठ अँपिअर ओढू लागला आणि डोक्यावरचे दिवे पिवळे पडले. बॅटरीवर १२.४, फर्नेसवर १०.१. वाटेत २.३ व्होल्ट हरवले होते. मीटरची एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि लांब वायर जोडून दुसरी फर्नेसच्या पॉझिटिव्हवर ठेवली: ०.३. इतक्या लांबीला चालण्यासारखं. आता तेच निगेटिव्हच्या बाजूने: २.०.

करंट जितका जातो तितकाच परत येतो, आणि वाट अडली तर दोन्हीकडे सारखीच अडते. तरी माझ्या इतक्या वर्षांच्या कामात लोकांनी तपासलेली बाजू जवळपास नेहमी पॉझिटिव्हचीच निघाली आहे. फ्यूज, स्विच, रिले सगळे तिकडे असतात, तिथे बघायला काहीतरी असतं. परतीची बाजू म्हणजे गाडीची लोखंडी चौकट, तिच्यात बघायचं काय, असं वाटतं. जुन्या गाडीत पहिला संशय मी तिथेच घेते. चौकटीला गंज चढतो, कुणीतरी वरून रंग मारतो, बोल्ट सैल होतो. काही गाड्यांत तर अंगाला लोखंडच नसतं. जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात बनवलेल्या देखण्या मोटरहोमचं अंग ॲल्युमिनियम आणि फायबरग्लासचं आहे. आपल्या एसटीच्या पत्र्यावर कुठेही अर्थ मिळेल, फायबरग्लासवर मिळत नाही. तिथे प्रत्येक दिव्याची परतीची वायर स्वतःच्या पायाने चौकटीपर्यंत जाते, आणि ती शोधत मला पोटावर सरपटत जावं लागतं.

आजींच्या गाडीत फर्नेसपासून चौकटीपर्यंत ०.१ आणि चौकटीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत १.९ व्होल्ट भरले. गाडीखाली आडवी होऊन मी तो बोल्ट शोधला. वरून काळा रंग, खाली गंजाचा पापुद्रा. हात लावला तर चक्क कोमट. १.९ व्होल्ट गुणिले आठ अँपिअर, म्हणजे पंधरा वॅट तिथे नुसते उष्णता होऊन जात होते. घर तापवायला निघालेली वीज वाटेत बोल्ट तापवत बसली होती.

आणि वर्कशॉपमध्ये फर्नेस का पेटायची? तिथे गाडी आत घेतल्या घेतल्या एसीला जोडत. मग वीज द्यायचा कन्व्हर्टर, आणि त्याचा निगेटिव्ह वेगळ्या बोल्टने चौकटीला जोडलेला. करंटला या गंजक्या बोल्टवरून जावंच लागत नव्हतं. तक्रार ज्या परिस्थितीत येते ती परिस्थिती उभी केल्याशिवाय मी तपासायला सुरुवात करत नाही. गाडी जोडल्यावर चालते असं कुणी सांगितलं, तर मी आधी प्लग काढते.

एसीच्या बिऱ्हाडाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण तिथे फक्त फर्नेस बसत नाही, माणूस जाऊ शकतो. पावसाळ्यात फ्रिजला किंवा वॉशिंग मशीनला ओला हात लागला आणि मुंग्या आल्या, हा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे, आणि ‘थोडा करंट लागतो’ म्हणून तो सोडूनही दिला जातो. मोटरहोम रबरी टायरवर उभं असतं, म्हणजे जमिनीपासून तुटलेलं. खांबाकडून येणारी अर्थिंगची वायर तुटली आणि आत कुठेतरी गळती असली, तर अख्ख्या गाडीच्या अंगात व्होल्टेज चढतं. आत बसलेल्याला काही कळत नाही. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून जो दाराची मूठ धरतो, त्याच्यातून ते वाहतं. नातवंडं आली की तीच आधी धावत दाराशी जातात. म्हणून दाराला हात लावल्यावर झिणझिण्या येतात असं ग्राहकाने सांगितलं, की मी म्हणते, आत्ता खांबावरचा ब्रेकर पाडा, मी येईपर्यंत गाडीला हात लावू नका.

दुसरी गोष्ट ३० अँपिअरच्या प्लगची. त्याला १२० व्होल्ट हवेत. पण तो इथल्या कपडे वाळवायच्या यंत्राच्या जुन्या प्लगसारखा दिसतो, आणि त्या यंत्राला २४० लागतात. घराशेजारी मोटरहोमसाठी नवा सॉकेट बसवताना इलेक्ट्रिशियन सवयीने २४० जोडून जातो. एका ग्राहकाचा मायक्रोवेव्ह, टीव्ही आणि कन्व्हर्टर एका क्षणात जळालेले मी पाहिले आहेत. नवा सॉकेट असो की ओळखीचा खांब, आधी मीटर लावायचा आणि मगच प्लग. यात मी कुणाचीही घाई चालवून घेत नाही.

जुन्या गाडीत आधीचे मालकही राहत असतात. कुणी रेडिओसाठी वायर सोलून पिळा मारलेला, कुणी १४ गेजच्या वायरला १५ ऐवजी ३० चा फ्यूज घातलेला. असा फ्यूज उडत नाही, वायर पेटते. रंगांवर तर मी मुळीच विश्वास ठेवत नाही. इथल्या घरगुती वायरिंगमध्ये काळी म्हणजे फेज, मोटारीत काळी म्हणजे बहुधा निगेटिव्ह, आणि जुन्या मोटरहोममध्ये १२ व्होल्टची पॉझिटिव्हही काळी सापडते. वर वाळवंटातले उंदीर वायरी कुरतडून त्यांची घरटी करतात. म्हणून प्रत्येक गाडीसाठी मी एक वही करते. कुठली वायर कुठून कुठे गेली, कुठे किती व्होल्ट भरले, सगळं त्यात. गाडी विकली तर वही गाडीबरोबर जाते.

आजींच्या गाडीत त्या रात्री मी बॅटरीची वायर सोडवली, बोल्ट काढला आणि तारेच्या ब्रशने चौकट चांदीसारखी चमकेपर्यंत घासली. नवीन जाड केबल, दाबून बसवलेलं थिंबल, दातेरी वॉशर, आणि घट्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीनचा हात. आबांच्या दुकानात व्हॅसलीनची डबी बॅटरीच्या रॅकवर असायची आणि आई ती घरी शोधत बसायची. आजींनी थर्मोस्टॅट वर सरकवला. पंख्याचा आवाज या वेळी वेगळा होता, वरच्या पट्टीतला. काही सेकंद गेले. मग व्हॉल्व्हचा टक आणि ज्योतीचा भक्क. दिवे हलले नाहीत. आजोबा पांघरुणातून म्हणाले, ‘‘हा आवाज मी दोन वर्षं ऐकला नव्हता.’’

मी परत गाडीखाली गेले. फर्नेस चालू असताना चौकट ते बॅटरी मोजलं, ०.०५. आबा जोडलेल्या प्रत्येक बॅटरीच्या पेटीवर पांढऱ्या ऑइलपेंटने तारीख घालायचे. मी त्या बोल्टशेजारी चौकटीवर तारीख घातली आणि खाली आकडा, पुढे कधी कुणी टॉर्च घेऊन तिथे आडवं झालं तर त्याला दिसेल अशा बाजूने.