नेमगिरीची वाट आणि घरातील फरशी

परभणी जिल्ह्यातील जिंतूरजवळच्या नेमगिरी या अतिशय क्षेत्रावर गुंफांची द्वारे इतकी ठेंगणी आहेत, की यात्रेकरूला वाकूनच आत जावे लागते. वाकताच दृष्टी पायांखालच्या पाषाणावर पडते. चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकावे, हा ईर्यासमितीचा पाठ तेथे सहज मिळतो.

घरातील जुना गालिचा हाच पाठ विसरावयास लावतो. त्याच्या तंतूंत धूळ साचते, पावसाळ्यात ओल धरते, कसर लागते. झाडताना कोणता जीव दुखावला, हे कळतही नाही. तो काढल्यावर मराठवाड्यातील घराला शहाबादी फरशी परकी वाटत नाही. शहाबाद आणि परभणी १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. हा चुनखडीचा दगड उन्हाळ्यात गार राहतो. मात्र लिंबू-चिंचेचे डाग त्यावर उमटतात. चकाकी बेताची ठेवावी, म्हणजे वृद्धांचा पाय घसरत नाही. सांधे पक्के भरावेत, म्हणजे मुंग्या घर करीत नाहीत. थंडीत बसावयास सतरंजी पुरते. ती उचलून खाली पाहता येते.

किमतीचा विचार करावाच. पण त्याआधी पाहावे, की या भूमीवर चालणारी मुंगी पाऊल पडण्यापूर्वी दिसेल काय.